विश्लेषण : मेंदू आणि मज्जारज्जूतील रक्तवाहिन्यांचा गुंता काढणारी नवी साधने कोणती? शस्त्रक्रिया खरेच सोपी झाली का?

डोके दुखते म्हणून किंवा दुचाकीवरून पडल्यानंतर खबरदारी म्हणून एमआरआय केला जातो. अहवालात ‘एव्हीएम’ किंवा ‘कॅव्हर्नोमा’ असा शब्द येतो आणि घरातल्यांची झोप उडते. रुग्णाला त्रास काहीच नसतो, पण डोक्यात कधीतरी फुटू शकेल असे काहीतरी आहे हे आता कळलेले असते. मोबाइलवर शोध घेतला की लेझर, रोबोटिक मायक्रोस्कोप, बिनटाक्याचा उपचार असे शब्द समोर येतात. मेंदू आणि मज्जारज्जूतील रक्तवाहिन्यांचे दोष काढण्याची साधने गेल्या २०-२५ वर्षांत खरोखरच बदलली. पण त्यांनी नेमका कोणता प्रश्न सोडवला आणि कोणता सुटायचा आहे? शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हे कसे ठरते?

हे दोष नेमके काय असतात?

हृदयाकडून येणारे रक्त धमन्यांतून जोरात येते. पुढे ते केसापेक्षा बारीक केशवाहिन्यांत शिरते, तिथे त्याचा दाब उतरतो आणि मग ते शिरांमधून शांतपणे परत जाते. ‘आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन’ म्हणजे एव्हीएममध्ये मधला केशवाहिन्यांचा टप्पाच नसतो. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात. विजेच्या भाषेत सांगायचे तर हे शॉर्ट सर्किट आहे. मध्ये रोध नसल्याने प्रवाह प्रचंड वाढतो आणि इतका दाब सोसण्यासाठी न बनलेल्या शिरा फुगतात. जिथे हे जोड असतात तिथे रक्तवाहिन्यांचा गुंता तयार होतो. तो फुटला की मेंदूत रक्तस्राव होतो.

कॅव्हर्नोमा वेगळा. तो दिसतो तुतीच्या फळासारखा. पातळ भिंतींच्या छोट्या पोकळ्यांचा हा पुंजका असतो आणि त्यात रक्त जवळपास साचलेलेच असते. दाब कमी असल्याने तो एव्हीएमसारखा भसकन फुटत नाही, झिरपतो. मात्र मेंदूच्या देठात, म्हणजे श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या भागात, थोडेसे झिरपणेही महाग पडते. कॅव्हर्नोमा अजिबात दुर्मीळ नाही. साधारण २०० माणसांमागे एकाच्या मेंदूत तो असतो आणि अनेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

तिसरा प्रकार फिस्टुलाचा. यात गुंता नसतो. मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आवरणात एक धमनी चुकून एका शिरेला जोडली गेलेली असते.

फुटण्याचा धोका किती?

न फुटलेल्या एव्हीएममधून रक्तस्राव होण्याची शक्यता वर्षाला साधारण २ ते ४ टक्के सांगितली जाते. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण तो दर वर्षी नव्याने लागू होतो. ३ टक्के धरले तर एका वर्षी न फुटण्याची शक्यता ९७ टक्के. सलग ४० वर्षे न फुटण्याची शक्यता काढायची तर ०.९७ ला स्वतःशी ४० वेळा गुणावे लागते. उत्तर येते जेमतेम ३० टक्के. म्हणजे तिशीतल्या माणसासाठी सत्तरीपर्यंत रक्तस्रावाची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. वार्षिक धोका २ टक्के धरला तरी ती ५५ टक्के भरते. तोच दोष सत्तरीतल्या व्यक्तीत सापडला आणि पुढची दहा वर्षे हिशेबात घेतली, तर ३ टक्क्यांनी हा आकडा २६ टक्क्यांवर थांबतो.

हे ढोबळ गणित आहे. पूर्वी रक्तस्राव झालेला असेल किंवा गुंता खोलवर असेल तर धोका वाढतो. पण एकच एमआरआय अहवाल दोन वयांत दोन वेगळे अर्थ सांगतो, हे त्यातून कळते.

कॅव्हर्नोमाचे गणित जागेवर ठरते. सुमारे १,६०० रुग्णांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, रक्तस्राव न झालेला आणि मेंदूच्या देठाबाहेर असलेला कॅव्हर्नोमा पाच वर्षांत रक्त सोडण्याची शक्यता ३.८ टक्के होती. देठातल्या, एकदा त्रास दिलेल्या कॅव्हर्नोमासाठी हीच शक्यता ३०.८ टक्के होती. नाव एकच, धोका आठपट.

शस्त्रक्रिया अवघड का असते?

एव्हीएम काढताना एक क्रम पाळावाच लागतो. आधी रक्त आणणाऱ्या धमन्या एकेक करून बंद करायच्या, मग गुंता भोवतालच्या मेंदूपासून सोडवायचा आणि रक्त बाहेर नेणारी मुख्य शीर सर्वांत शेवटी बांधायची. धमन्या चालू असताना ही शीर चुकून बंद झाली तर आत येणाऱ्या रक्ताला वाट उरत नाही आणि गुंता टेबलवरच फुटतो. अडचण अशी, की धमन्यांतले रक्त थेट शिरांत येत असल्याने शिरांमध्येही लालभडक रक्त असते. शीर कोणती आणि धमनी कोणती हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण जाते.

दुसरी अडचण खोलवर असते. गुंत्याच्या तळाशी अतिशय बारीक धमन्या येतात. त्यांच्या भिंती इतक्या नाजूक असतात की उष्णता दिली तरी त्या नीट आकसत नाहीत. तुटल्या की मेंदूच्या आत मागे सरकतात आणि तिथे रक्तस्राव सुरू राहतो. त्यांच्यामागे जावे तर निरोगी मेंदू दुखावतो.

म्हणूनच १९८६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट स्पेट्झलर आणि नील मार्टिन यांनी मांडलेली श्रेणी आजही जगभर वापरली जाते. गुंता ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर १ गुण, ३ ते ६ असेल तर २, त्याहून मोठा असेल तर ३. बोलणे, हालचाल, दृष्टी अशा महत्त्वाच्या भागात असेल तर आणखी १. रक्त खोल शिरांकडे जात असेल तर अजून १. बेरीज १ किंवा २ आली तर शस्त्रक्रिया अनुभवी हातांत बऱ्यापैकी सुरक्षित मानली जाते. ४ किंवा ५ आली तर बहुतेकदा हात न लावणेच शहाणपणाचे ठरते. ३ आली तर रुग्णागणिक निर्णय. नव्या साधनांमुळे ही कामे सुकर झाली, पण ही बेरीज बदललेली नाही.

न चिकटणारा चिमटा कशासाठी?

झुरिकमधील शल्यविशारद गाझी यासरगिल यांनी १९६०च्या दशकात मायक्रोस्कोप मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुळवला, तिथून आधुनिक काळ सुरू होतो. त्याच्या जोडीचे दुसरे साधन म्हणजे ‘बायपोलर’ चिमटा. यात वीज रुग्णाच्या शरीरातून न जाता फक्त चिमट्याच्या दोन टोकांमधून वाहते आणि मधली रक्तवाहिनी भाजून बंद होते.

दोष एकच होता. भाजलेली रक्तवाहिनी टोकाला चिकटते. चिमटा उचलला की नुकतेच बंद केलेले तोंड पुन्हा उघडते. एकाच शस्त्रक्रियेत ही कृती शेकडो वेळा करावी लागत असल्याने हा त्रास छोटा नाही. यावर उपाय उष्णतेच्या अभियांत्रिकीतून आला. काही चिमट्यांची टोके आता चांदीच्या मिश्रधातूची असतात, कारण चांदी उष्णता झटकन वाहून नेते. काहींमध्ये तर ‘हीट पाइप’ बसवलेला असतो. लॅपटॉपमधील प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत नेणारी बारीक नळी असते, तेच तत्त्व. काही चिमट्यांच्या टोकाशी पाण्याचे थेंब पडत राहतात. टोक थंड राहिले की ते चिकटत नाही. नाजूक खोल धमन्यांसाठी मिलिमीटरच्या मापाच्या छोट्या क्लिपही वापरल्या जातात.

चिमट्याच्या आणि रक्त ओढणाऱ्या नळीच्या टोकाशी दिवा बसवण्याची कल्पनाही रुळली आहे. खोल खळग्यात उजेड पोहोचला की मेंदू बाजूला दाबून धरण्याची गरज कमी होते. हा दाबच अनेकदा नव्या इजेचे कारण असतो.

चमकणारे रक्त काय सांगते?

धमनी आणि शीर ओळखण्याचा प्रश्न रंगाने बराच सोपा केला. इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे ‘आयसीजी’, हा रंग अमेरिकेत १९५९ पासून वैद्यकीय वापरात आहे. शिरेतून तो दिला की इन्फ्रारेड प्रकाशाखाली रक्त चमकते. २००३ मध्ये जर्मनीतील अँड्रियास राबे आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील त्याचा वापर प्रसिद्ध केला. पुढे ही सोय थेट मायक्रोस्कोपमध्येच आली.

आता शल्यविशारद समोर पाहत असतानाच क्रम उलगडतो. आधी चमकतात त्या धमन्या, मग गुंता, मग त्यातून निघणारी शीर, आणि सर्वांत शेवटी निरोगी शिरा. गुंता काढून झाल्यावर पुन्हा रंग दिला आणि एखादी शीर वेळेआधीच चमकली, तर आत काहीतरी उरले आहे असे समजते. रंग काही मिनिटांत रक्तातून निघून जातो, त्यामुळे तपासणी पुन्हा करता येते.

मर्यादाही स्पष्ट आहे. कॅमेऱ्याला दिसते तेवढेच चमकते. मेंदूच्या आत किंवा रक्ताच्या गुठळीखाली लपलेला भाग दिसत नाही. म्हणून एव्हीएम पूर्ण निघाला की नाही याचा अंतिम निवाडा आजही अँजिओग्राफीच करते. मेंदूची अँजिओग्राफी लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये पहिल्यांदा केली होती. ‘हायब्रिड’ शस्त्रक्रियागृहात ही तपासणी रुग्णाला टेबलवरून न हलवता करता येते. काही उरले असेल तर डोके बंद करण्याआधीच ते कळते.

लेझर आणि बारामतीचा काय संबंध?

या शस्त्रक्रियांत सर्वाधिक चर्चा होते ती कार्बन डायऑक्साइड लेझरची. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत शोधणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या ‘सीओईपी’तून पदवी घेतलेले.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन आहे. पाणी हा प्रकाश लगेच शोषते आणि मेंदूच्या पेशींत पाणीच जास्त. त्यामुळे परिणाम मिलिमीटरच्या अगदी लहान अंशापुरताच होतो, खाली इजा पोहोचत नाही. मेंदूसाठी हा गुण सोन्याचा. पण याच तरंगलांबीमुळे हा प्रकाश साध्या काचतंतूतून जात नाही. तो आरशांच्या जोडहातांतून न्यावा लागे. यंत्र बोजड, हाताला मोकळीक नाही. त्यामुळे अनेक दशके हा लेझर मेंदूच्या शस्त्रक्रियेत मागेच राहिला.

२००२ मध्ये ‘एमआयटी’च्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये पोकळ तंतूची रचना मांडली. तंतूच्या आतील भिंतीवर वेगवेगळ्या पदार्थांचे अतिपातळ थर आरशासारखे काम करतात आणि प्रकाश मधल्या पोकळीतून पुढे जातो. यातून लवचीक तंतू आला आणि लेझर पेनासारखा हातात धरता येऊ लागला.

त्याचा खरा उपयोग मेंदूच्या देठातील आणि मज्जारज्जूतील कॅव्हर्नोमासाठी होतो. इथे दोष मोठा आणि आत जायची वाट काही मिलिमीटरची असते. कात्री किंवा चिमट्याने ओढाताण होते. लेझर स्पर्श न करता कापतो आणि पुंजका आकसवतो. मात्र तो फक्त बारीक रक्तवाहिन्या बंद करू शकतो. एव्हीएमच्या जोरकस धमन्यांपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणजे ‘लेझरने शस्त्रक्रिया’ ही पाटी वाचताना पहिला प्रश्न हवा : दोष कोणता?

डोके न उघडता उपचार होतात का?

होतात, पण त्यांचीही हद्द आहे. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन आत घट्ट होणारा द्रव सोडला जातो. ‘ओनिक्स’ या द्रवाला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली, ती शस्त्रक्रियेआधी एव्हीएममधला प्रवाह कमी करण्यासाठी. लहान, एक-दोन धमन्यांचे गुंते कधी कधी एवढ्यानेच बंद होतात. मोठ्या दोषांत मात्र ही शस्त्रक्रियेची पूर्वतयारी ठरते. द्रव नको त्या शिरेत गेला तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ‘टाका नाही म्हणजे धोका नाही’ हा समज चुकीचा आहे.

दुसरा मार्ग गामा नाइफचा. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी विकसित केलेल्या या यंत्रात किरणोत्साराच्या अनेक बारीक शलाका एका बिंदूवर एकवटतात. लहान एव्हीएमसाठी हा चांगला पर्याय आहे. पण रक्तवाहिन्या बंद व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात आणि तोवर फुटण्याचा धोका कायम राहतो.

मज्जारज्जूची गोष्ट वेगळी का?

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. त्यात हातापायांच्या, मूत्राशयाच्या सगळ्या तारा दाटीवाटीने बसलेल्या. इथे शस्त्रक्रिया चालू असताना डोक्यावरून विद्युत स्पंद देऊन हातापायांच्या स्नायूंतला प्रतिसाद सतत मोजला जातो. प्रतिसाद घटला की हात थांबतो. मज्जारज्जूच्या आत शिरलेल्या एव्हीएमसाठी काही शल्यविशारद आतला भाग मुद्दाम सोडून देतात आणि पृष्ठभागावरच रक्तवाहिन्या तोडतात. रक्तपुरवठा तुटला की आतला भाग निकामी होतो आणि मज्जारज्जू उघडावा लागत नाही.

पण मज्जारज्जूच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान अनेकदा शस्त्रक्रियागृहाबाहेर होते. आवरणातील फिस्टुला प्रामुख्याने पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत आढळतो. चालताना पाय जड होतात, बधिरपणा येतो, पुढे लघवीची तक्रार सुरू होते. स्लिप डिस्क किंवा प्रोस्टेट समजून उपचार होत राहतात आणि महिने निघून जातात. स्टेरॉइड दिल्यावर दुखणे वाढल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. याची शस्त्रक्रिया त्या मानाने सोपी, एक चुकीची शीर बंद करायची. पण तोवर रुग्ण व्हीलचेअरवर पोहोचला असेल, तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. इथे नव्या हत्याराहून वेळेवर केलेला आणि नीट वाचलेला पाठीचा एमआरआय जास्त मोलाचा.

पुरावा काय सांगतो?

या क्षेत्राला हादरा देणारी ‘अरुबा’ ही चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. न फुटलेल्या एव्हीएमच्या २२३ रुग्णांपैकी काहींना फक्त औषधे आणि देखरेख, तर काहींना त्यासोबत गुंता बंद करण्याचा उपचार देण्यात आला. सरासरी ३३ महिन्यांत देखरेखीच्या गटात १०.१ टक्के आणि उपचारांच्या गटात ३०.७ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

टीकाही झाली. उपचारांच्या गटात प्रत्यक्ष शस्त्रक्रिया थोड्याच रुग्णांवर झाली होती, बहुतेकांना द्रव किंवा किरणोपचार मिळाले होते. शिवाय ३३ महिन्यांत उपचारांचा धोका पूर्ण दिसतो, तर थांबण्याचा धोका अनेक वर्षांत पसरलेला असतो. वरचे ४० वर्षांचे गणित इथे आठवावे. तरीही दोष दिसला की काढून टाका, ही सवय या चाचणीने मोडली. कॅव्हर्नोमाबाबत ब्रिटन आणि आयर्लंडमधील ‘केअर’ या चाचणीत ७२ जण सहभागी झाले. ती मोठी चाचणी शक्य आहे का हे पाहण्यासाठी होती, कोणता मार्ग सरस हे ठरवण्यासाठी नव्हे.

साधनांबाबतचा पुरावा आणखी तुटपुंजा आहे. न चिकटणारा चिमटा, लेझर तंतू, रोबोटिक मायक्रोस्कोप यांवरील बहुतेक अभ्यास एकेका केंद्राच्या अनुभवाचे आहेत. तिथले शल्यविशारद निष्णात असतात. रुग्ण बरा झाला तो हत्यारामुळे की हातामुळे, हे अशा अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही.

महाराष्ट्रातील रुग्णाने काय पाहावे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. मात्र अशा उपचारांत द्रव, नळ्या, क्लिप, लेझर तंतू असे एकदाच वापरायचे साहित्य लागते. मंजूर पॅकेजमध्ये यांतले काय धरले आहे, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. दोष नेमका कोणता आणि एव्हीएम असेल तर श्रेणी किती? माझ्या वयात थांबण्याचा धोका किती आणि उपचाराचा किती? तुमच्या केंद्रात वर्षाला असे किती रुग्ण होतात? शस्त्रक्रिया, द्रव आणि किरणोपचार करणारे तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात का? शेवटी अँजिओग्राफीने खातरजमा होणार का? अचानक असह्य डोकेदुखी, झटका, एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काही झाले तर मात्र दुसऱ्या मताची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. एरवी योगायोगाने सापडलेल्या दोषात दुसरे मत घेण्यासाठी बहुतेकदा वेळ असतो.

नव्या साधनांनी शल्यविशारदाला अधिक दाखवले, त्याचा हात हलका केला आणि पूर्वी अशक्य मानलेल्या जागी जाण्याची वाट दिली. पण कोणाच्या डोक्यात शिरायचे आणि कोणाच्या नाही, हे यांतले एकही साधन सांगत नाही. ते वय, जागा आणि श्रेणी मिळूनच ठरते. त्यामुळे रुग्णालयात कोणते यंत्र आहे हा प्रश्न दुसरा. आपल्याला शस्त्रक्रियेची गरज आहे का, हा पहिला.